शो जंपिंगमध्ये मी बाहेरून ओरडले आणि मुलगी एलिमिनेट झाली. पोनी क्लबच्या वेगवेगळ्या प्रकारांचे नियम कसे समजून घ्यायचे?

सईची_आई

नमस्कार मंडळी, जुने धागे वाचताना दिसलं की इथे घोडेस्वारीतलं कळणारी बरीच मंडळी आहेत म्हणून विचारतेय. आम्ही ब्रिटनमध्ये असतो, लेक ११ वर्षांची आहे, दीड वर्षापासून पोनी क्लबच्या (मुलांना घोडेस्वारी शिकवणारी संस्था) शाखेत जातेय, सुरुवातीच्या पातळीची डी टेस्ट झालीय आणि आता डी प्लसची तयारी चालूये. पोनी आमचं स्वतःचं नाही, लोनवर, म्हणजे मालकीणबाईंकडून वापरायला घेतलंय, १२.२ हँड्स उंचीची वेल्श घोडी आहे, पेबल नाव तिचं, स्वभावाने गरीब पण थोडी आळशी.

रविवारी सईची पहिली शो जंपिंगची स्पर्धा होती. नऊ उड्या (अडथळे) होत्या. पाचवी छान मारली आणि मग ही पोरगी सहावी सोडून सरळ सातवीकडे वळली, मी दोरीपाशी उभी होते, मला राहवलं नाही आणि मी जोरात ओरडले, "सई, सहावी राहिली!" तिने ऐकलं, पेबलला गोल फिरवून सहावीवर आणलं, उडी मारली, आणि तेवढ्यात घंटा वाजायला लागली ती थांबेचना. सईला त्या घंटेचा अर्थच माहीत नव्हता त्यामुळे ती सातवी पण मारून मोकळी झाली, शेवटी एक बाई आत जाऊन तिला घेऊन आली. बाहेर आल्यावर कळलं एलिमिनेट, कारण बाहेरून मदत मिळाली.

ती रडली नाही, पण नंतर अर्धा तास हेल्मेट तसंच डोक्यावर ठेवून पेबलच्या मानेला खरारा करत बसली होती, आणि मग एवढंच म्हणाली की आई तू का बोललीस. मला फार लागलंय ते.

तर प्रश्न असे आहेत की एका वाक्याला, तेही मराठीतल्या, खरंच बाहेर काढतात का? आणि उन्हाळ्यासाठी शाखेने विचारलंय की ड्रेसाज, इव्हेंटिंग, माउंटेड गेम्स, टेट्राथलॉन यातलं काय काय करणार, प्रत्येकाचं नियमपुस्तक वेगळं आहे आणि मी वाचायला बसले की डोकं गरगरतं. सईला सगळंच करायचंय. तिच्या वयाला आणि अशा पोनीला काय झेपेल? मला यावेळी माझ्या चुकीने तिचं काही जायला नकोय.

दुडकी

ताई, आधी पाणी प्या. माझ्या दोन्ही मुली पोनी क्लबमध्ये वाढल्या, त्यामुळे दोरीपाशी उभं राहून जीभ चावायची सवय मला लागलीय, पण ती लागायला वेळ लागला.

हो, खरंच काढतात. शो जंपिंगमध्ये स्वाराने रस्ता स्वतः लक्षात ठेवायचा असतो, त्याचीच तर परीक्षा असते. बाहेरून कुणी रस्ता सांगितला, कुठल्याही भाषेत, तर ती बाहेरची मदत धरतात आणि जज एलिमिनेट करू शकतात. मराठी कळलं नसेल त्यांना, पण आवाज आला आणि लगेच मुलगी वळली हे दिसलंच की. तुम्ही काही बोलला नसतात आणि सईने स्वतःहून सातवीच्या आधी ओळखून मागे येऊन सहावी मारली असती तर फक्त ४ फॉल्ट (दंडाचे गुण) लागले असते, कारण चुकलेला रस्ता सुधारणं हे पोनीने नकार दिल्यासारखंच, म्हणजे उडी न मारता थांबल्यासारखंच मोजतात. आणि सहावी न मारताच सातवी मारली असती तर मात्र कुणी काही न बोलताही बाहेर. म्हणजे तुम्ही बोललात ते अगदी त्या एका क्षणात बोललात, कुठल्याही आईच्या तोंडून निघालं असतं.

घंटेचं तिला आजच शिकवून टाका. एकदा वाजली म्हणजे सुरू कर, त्याआधी स्टार्टची रेघ ओलांडलीस तर बाहेर. घंटेनंतर सुरू करायला आंतरराष्ट्रीय नियमात ४५ सेकंद असतात त्यामुळे घाबरून लगेच सुटायची गरज नाही, एक गोल मारून श्वास घ्यायला तेवढे पुरतात. मध्येच वाजली तर थांब, काहीतरी पडलंय किंवा अडलंय, ते नीट लावून झालं की पुन्हा वाजेल तेव्हा निघ. आणि सारखी वाजतच राहिली तर संपलं, चालत बाहेर ये, जाताना पोनीला थोपट. दांडी पडली की ४, पहिल्या नकाराला ४, पडलीस तर बाहेर. मोठ्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमात दुसऱ्या नकाराला थेट बाहेर काढतात, मुलांच्या क्लासला कितव्या नकाराला काढणार ते त्या त्या स्पर्धेच्या शेड्यूलमध्ये लिहिलेलं असतं, तेवढं एक वाक्य घरूनच वाचून जायचं. प्रत्येक उडीला लाल झेंडी उजव्या हाताला आणि पांढरी डाव्या, उलट्या बाजूने मारली तर ती उडीच चुकली.

आणि कोर्स वॉक! स्पर्धेआधी पायी फिरून उड्या बघायला देतात तेव्हा तुम्ही तिच्याबरोबर चाला, पण पुढे तिला होऊ द्या आणि रस्ता तिला सांगू दे. आम्ही काय करायचो, पूर्ण फिरून झालं की गेटपाशी पाठ करून उभं राहायचं आणि डोळे मिटून तिने पूर्ण कोर्स बोलून दाखवायचा, पहिली निळी, डावीकडे वळून दुसरी लाल पांढरी, असं. जिथे अडखळेल तिथे परत जाऊन बघायचं. सई सहावी विसरली ती बहुतेक पाचवीनंतर सातवी समोर दिसत होती म्हणून, मुलं नेहमी अशाच ठिकाणी चुकतात.

माझं मत विचाराल तर आधी ड्रेसाज, म्हणजे टेस्टच्या कागदावर ठरलेल्या हालचाली क्रमाने करून दाखवायच्या. लोकांना वाटतं ते कंटाळवाणं, मला अजिबात तसं वाटत नाही. २० बाय ४० मीटरचं मैदान, कडेने अक्षरं, ए मधून आत यायचं, समोर सी पाशी जज बसलेले, शेवटी थांबून सलाम. प्रत्येक हालचालीला ० ते १० मार्क, आणि शेवटी कागद हातात मिळतो त्यावर प्रत्येक मार्कापुढे जजनी काय दिसलं ते लिहिलेलं असतं, "वर्तुळ अंड्यासारखं झालं", "थांबली पण चारही पाय चौकोनात नाहीत" वगैरे. एवढं लिहून दुसऱ्या कुठल्याच प्रकारात मिळत नाही. आणि तुमच्यासारख्या आयांसाठी खास म्हणजे बऱ्याच स्पर्धांत इथे बाहेर उभं राहून टेस्ट मोठ्याने वाचून दाखवायला परवानगी असते! मात्र कागदावर आहे तेवढंच वाचायचं, "छान", "टाच खाली" असं काही मध्ये घातलं की तीही मदतच. आणि सईने पेबलशी बोलायचं नाही, आवाज वापरला की त्या हालचालीचे मार्क कापतात. आळशी पोनीवर बसून जीभ टॉक टॉक करायची सवय असेल तर ती आत्तापासूनच सोडवा.

कुंपण_१४

मी गेली सहा वर्षं क्रॉस कंट्रीला (मोकळ्या माळावरच्या पक्क्या उड्यांची फेरी) उडीपाशी खुर्ची टाकून बसतो, फेन्स जज म्हणून. मुलगा मोठा होऊन गेला, मी मात्र राहिलो, त्यामुळे इव्हेंटिंगबद्दल लिहितो.

इव्हेंटिंग म्हणजे तीन परीक्षा एकाच जोडीने द्यायच्या, ड्रेसाज, शो जंपिंग आणि क्रॉस कंट्री, आणि सगळ्याची बेरीज पेनल्टीत. ज्याची पेनल्टी कमी तो वर. ड्रेसाजचे टक्के १०० मधून वजा करतात, म्हणजे ६५ टक्के मिळाले तर ३५ पेनल्टी घेऊन सुरुवात. शो जंपिंगला एक दांडी पाडली, ३९. आता क्रॉस कंट्रीला एका उडीपाशी पोनी थांबलं की एकदम २०, झाले ५९. त्याच उडीला दुसऱ्यांदा थांबलं की आणखी ४०, आणि तिसऱ्यांदा बाहेर. ठरलेल्या वेळेच्या पुढे प्रत्येक सेकंदाला ०.४. काही खालच्या लेव्हलला फार लवकर आलात तरी पेनल्टी असते, आणि मला तो नियम मनापासून आवडतो, कारण उतारावरून पोनी चौखूर उधळलंय आणि वर बसलेलं पोर नुसतं लटकलंय हे मी माझ्या खुर्चीतून पाहिलेलं आहे.

हा हिशोब मुद्दाम मांडला. ड्रेसाजमधले दोन टक्के मिळवायला लोक महिनाभर घासतात आणि क्रॉस कंट्रीच्या एका नकारात त्याच्या दहापट जातं. आणि नकार बहुतेक वेळा पहिल्या दोन उड्यांना येतात. आपल्याकडचं जुनं कोडं आहे ना, पान का सडलं, घोडा का अडला, भाकरी का करपली, न फिरवल्याने! अगदी तेच. वीस मिनिटं रांगेत पोनी उभं करून ठेवलेलं असतं, अंग गार पडलेलं असतं आणि मग थेट लाकडाच्या ओंडक्यावर नेतात, कसं उडेल ते. तुमची पेबल आळशी आहे म्हणता तर तिला सुरुवातीच्या चौकोनात जाण्याआधी दोन चांगल्या दौडी आणि दोन तीन सरावाच्या उड्या पाहिजेतच.

इथे ओरडण्याचा नियम तसाच कडक. आम्हा फेन्स जज लोकांना पण रस्ता सांगता येत नाही. एकदा एक छोटा मुलगा माझ्यापाशी येऊन थांबला आणि रडवेला होऊन विचारायला लागला की काका पुढे कुठे, मी फक्त त्याच्याकडे बघून हसलो, तोंड उघडलं नाही, जीव तुटत होता. त्याने मग स्वतःच मान वर करून इकडे तिकडे पाहिलं, झेंड्या दिसल्या, गेला. मागून वेगाने कुणी येत असेल तर पुढच्याने बाजूला होऊन वाट द्यायची, आणि कुणी लाल झेंडा दाखवून थांबवलं तर थांबायचंच, तो वेळ मोजत नाहीत. पडलं की त्या दिवशीचा राउंड संपला, कितीही म्हटलं मी ठीक आहे, परत चढून पुढे जाता येत नाही.

सामानाचं सांगतो. क्रॉस कंट्रीला बॉडी प्रोटेक्टर सक्तीचा, त्यावर लेव्हल ३ लिहिलेलं हवं. हवेने फुगणारं जॅकेट घातलं तरी ते त्याच्या वरून, त्याच्याऐवजी नाही. हेल्मेटला पुढे पक्की टोपी नको, गोल कवटीसारखं आणि वर कापडी कव्हर. आणि हेल्मेट पोनी क्लबच्या यादीतल्या स्टँडर्डचं आहे हे शाखेतली माणसं तपासून रंगीत टॅग लावतात, टॅग नसेल तर स्पर्धेला बसता येत नाही, तेव्हा हे काम सकाळी सहा वाजता करू नका, आधीच करून ठेवा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चांगलं दिसलं तरी बदलायचं. रिकीब बुटाच्या दोन्ही बाजूंना ७ मिलिमीटर मोकळी हवी, फार घट्ट असेल तर पडताना पाय अडकतो. मुलांचे पाय वाढतात, बूट बदलतो आणि रिकीब जुनीच राहते, हे मी सारखं बघतो.

निळी_रिबन

दुडकी ताईंशी मी थोडी असहमत आहे, माझं म्हणणं आधी माउंटेड गेम्स. मी स्वतः नऊ ते पंधरा गेम्स खेळले, आता लहान टीमला शिकवते.

सईला एकटीला घंटा वाजवून बाहेर काढलंय ना, मग आता तिला चार मैत्रिणींबरोबर सोडा. गेम्समध्ये टीम असते पाच जणांची, प्रत्येक शर्यतीला चौघं पळतात. खांबांमधून नागमोडी पोनी पळवायचं, झेंडा एका जागेवरून काढून दुसरीकडे खोचायचा, कप खांबावरून उचलून दुसऱ्या खांबावर पालथे घालायचे, उतरून पळून परत उडी मारून बसायचं, असलं सगळं. आणि इथे चूक झाली म्हणून लगेच संपत नाही, झेंडा पडला तर उतर, उचल, नीट लाव, मग पुढे जा. ११ वर्षांच्या मुलीला चूक सुधारायची सवय लागायला यापेक्षा चांगलं काही नाही असं मला वाटतं. मांड इतकी पक्की होते की नंतर पोनी उड्या मारताना बिचकलं तरी पोरं हलत नाहीत.

नियमातला मला सगळ्यात प्रिय भाग म्हणजे चाबूक नाही, स्पर (बुटाच्या टाचेला लावायचा काटा) नाही. हाताने किंवा लगामाच्या टोकाने पोनीला मारणं पण चालत नाही. त्यामुळे पोनीला खरंच तो खेळ आवडायला लागतो, शेवटी शेवटी पेबल स्वतःच रेषेवर नाचायला लागेल बघा, आळशी पोनी गेम्समध्ये बदललेली मी पाहिलीत. आणि १२.२ म्हणजे बारा हँड्स आणि दोन इंच (ते पॉइंटनंतरचं दशांश नसतं, एक हँड चार इंचांचा), म्हणजे जवळपास १२७ सेंटिमीटर, ही उंची गेम्ससाठी फारच मस्त, खाली वाकून वस्तू उचलता येते. फक्त स्वाराचं वजन आणि पोनीची उंची यांचं कोष्टक असतं, मुलं वाढत्या वयाची असतात म्हणून दर वर्षी बघायचं.

थोडा इतिहास सांगते कारण मला तो आवडतो. पोनी क्लब १९२९ ला ब्रिटनमध्ये सुरू झाला, आणि गेम्सचा प्रिन्स फिलिप कप १९५७ पासून आहे. कल्पनाच अशी होती की साध्या पोनीवरच्या साध्या मुलांना पण मोठ्या मैदानावर खेळता यावं, त्यासाठी महागडं जनावर असायला नको. आणि अशा घोड्यावरच्या खेळांना इंग्रजीत जिमखाना म्हणतात हे कळलं तेव्हा मला फार गंमत वाटली होती, आपल्याकडे जिमखाना म्हटलं की बॅडमिंटनचे हॉल आठवतात आणि इथे तोच शब्द बादलीत बटाटे टाकणाऱ्या पोनीसाठी! शब्द आपल्याकडूनच गेलाय.

बॉलचा खेळ आवडत असेल तर पोलोक्रॉस पण बघा, ऑस्ट्रेलियातून आलाय. काठीच्या टोकाला जाळी असते, मऊ बॉल जाळीत घेऊन पळायचं. सहा जणांची टीम पण मैदानावर एका वेळी तिघंच, आणि गोल फक्त १ नंबरवाल्यानेच करायचा, त्यामुळे एकच मोठा मुलगा बॉल घेऊन सगळं मैदान पळतोय असं होत नाही, सगळ्यांना पास द्यावाच लागतो.

पोहणारा_बाबा

टेट्राथलॉनबद्दल दोन ओळी कारण कुणी लिहिलं नाहीये. घोडेस्वारी, नेमबाजी, पोहणं, पळणं. पोहण्यात अंतर ठरलेलं नसतं, वेळ ठरलेला असतो, तेवढ्यात जितकं अंतर कापाल तितके गुण. पळायचं अंतर आणि नेमबाजीचं अंतर वयाप्रमाणे. घोड्याचा भाग क्रॉस कंट्रीसारखाच पण मध्ये एक फाटक असतं ते पोनीवर बसूनच उघडून पलीकडे जाऊन परत लावायचं, आणि एके ठिकाणी उतरून आडवी दांडी काढून पोनीला हाताने पलीकडे न्यायचं, दांडी परत लावायची आणि पुन्हा चढायचं. दोन्हीला वेळेची मर्यादा. माझा मुलगा पळण्या पोहण्यात पुढे होता आणि फाटकाने दर वेळी गुण घालवायचा कारण घरी कधी सरावच केला नव्हता. मग आम्ही तबेल्याच्या फाटकाशी रोज संध्याकाळी तेच केलं, एका महिन्यात पोनी स्वतः कूस लावून उभं राहायला शिकलं. सईला पोहता येत असेल तर नक्की विचार करा, घोड्यात दिवस वाईट गेला तरी बाकी तीन हातात असतात.

दुडकी

निळी_रिबन, मांड पक्की होते हे तुझं बरोबर आहे, मान्य. धाकटी माझी गेम्समधूनच धीट झाली.

सईची आई, एक गोष्ट सगळेच विसरतात म्हणून परत आले. पेबलचा पासपोर्ट. त्यात फ्लूच्या लसीच्या नोंदी असतात आणि त्या स्पर्धेच्या दिवशी तपासतात. वार्षिक डोस १२ महिन्यांच्या आत पडायला हवा, आणि लस दिली तो दिवस अधिक पुढचे सहा दिवस पोनीला स्पर्धेच्या जागी नेता येत नाही. आमच्या मोठीच्या वेळी डोस एका दिवसाने उशिरा पडला होता, मी तारीख वहीत चुकीची लिहिली होती, गेटवर पासपोर्ट उघडला आणि तिथूनच ट्रेलर परत वळवावा लागला, आणि नंतर लसीचा सगळा कोर्स पहिल्यापासून करावा लागला. ती पूर्ण टीमची स्पर्धा होती, बाकीच्या तिघींचाही दिवस गेला. पोनी लोनवर आहे म्हणजे लस मालक देणार का तुम्ही, हे आजच फोन करून विचारा आणि तारीख स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

सईची_आई

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खरंच खूप खूप आभार. सईला बसवून सगळं वाचून दाखवलं. फाटकाचं ऐकून तिचे डोळे चमकले, आणि चाबूक नाही म्हटल्यावर म्हणाली की मग पेबलला गेम्सच आवडतील. दुडकी ताई, पासपोर्ट बघितला, डोस पुढच्या महिन्यात संपतोय, मालकीणबाईंना मेसेज केलाय, उन्हाळ्याच्या पहिल्या स्पर्धेच्या दोन आठवडे आधी देऊन घेऊ.

घंटेचा खेळ पण सुरू केलाय, मी स्वयंपाकघरातून चमचा आपटते आणि तिने ओळखायचं की सुरू, थांब का बाहेर.

अजून एक बारीक प्रश्न, दागिन्यांचं काय? परवाच तिचे कान टोचलेत, डॉक्टर म्हणाले सहा आठवडे काढू नका. आणि हातात आजीने बांधलेला काळा दोरा आहे.

कुंपण_१४

दागिने काढलेलेच बरे, गळ्यातलं आणि हातातलं तर काढावंच लागतं. घड्याळ, लग्नाची अंगठी, टायची पिन चालते. कानातलं हेल्मेटच्या पट्ट्याखाली दाबलं जाऊन पडताना फार वाईट लागतं, त्यावर चिकटपट्टी लावून चालवून घेतील असं धरून जाऊ नका. सहा आठवडे आहेत ना, तेवढ्यात स्पर्धा नका घेऊ, कोर्स वॉकचा सराव करा, इतर मुलांच्या स्पर्धेला जाऊन बघा, मला उडीपाशी झेंड्या धरायला माणूस हवाच असतो. दोरा सैल असेल तर लगामात अडकतो, तेव्हा घोड्यावर बसण्याआधी सोडून ठेवायचा आणि उतरल्यावर परत बांधायचा, आजीला समजावून सांगितलं की त्या हो म्हणतील.

सईची_आई

हो म्हणाल्या. स्वतःच सोडून तिच्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवून दिला, म्हणाल्या तिथे राहिला तरी चालतो. १८ तारखेला शाखेच्या क्रॉस कंट्रीला आम्ही दोघी येतोय झेंड्या धरायला.